विरघळायचं, पण वेळेवर

दाताच्या इम्प्लांटच्या, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायच्या स्क्रूच्या, खर्चाचा कागद हातात पडला की पुण्यातला पेशंट तो ओळीओळीने वाचतो. स्कॅन, इम्प्लांट, कॅप इथपर्यंत मान हलत असते. मग ‘बोन ग्राफ्ट’ (हाड वाढवायला भरायचे दाणे) आणि त्याखाली ‘कोलॅजेन मेंब्रेन’ अशी ओळ येते आणि बोट तिथे थांबतं. हे काय आणखी? हाडावर घालायचा पडदा, तो काही महिन्यांत आपोआप विरघळून जातो, असं मी सांगते. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: “डॉक्टर, एवढे पैसे मोजून घातलेली वस्तू विरघळणार असेल, तर मग चांगली टिकाऊच का नाही घालत?”

प्रश्न खवचट वाटतो, पण अगदी मुद्द्याचा आहे. हा पडदा किती टिकावा, हाच या विषयातला खरा झगडा आहे. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये कोलॅजेनच्या पडद्याची जी काही ‘सुधारणा’ चालली आहे, तिचा बराचसा भाग या एका प्रश्नाभोवती फिरतो. आणि गंमत अशी की टिकाऊपणा वाढवायला गेलं की दुसरं काहीतरी हातातून निसटतं.

आधी हाड जातं कुठे ते पाहू. दात काढल्यावर हिरडी दोन-तीन आठवड्यांत भरून येते, दुखायचं थांबतं, आणि आपण तो विषय विसरतो. आत मात्र वेगळंच चाललेलं असतं. जबड्याच्या हाडाचा वरचा कडेचा भाग दातासाठीच असतो. दात गेला की शरीर तो भाग ठेवत नाही. ओठाच्या आणि गालाच्या बाजूची भिंत तर मुळातच पातळ, पुढच्या दातांशी कित्येकदा १ मिलिमीटरपेक्षाही कमी. तिला होणाऱ्या रक्तपुरवठ्यातला मोठा वाटा दाताभोवतीच्या तंतूंमधून येतो, आणि दाताबरोबर ते तंतूही जातात. मग ती भिंत झिजते. अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१२ मध्ये काढलेला हिशोब असा: दात काढल्यावर सहा महिन्यांत हाडाची रुंदी २९ ते ६३ टक्क्यांनी आणि उंची ११ ते २२ टक्क्यांनी कमी होते. यातली मोठी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. त्यामुळे “दिवाळीनंतर बघू” म्हणून गेलेला माणूस दोन दिवाळ्यांनी उगवतो, तेव्हा स्कॅनमध्ये हाडाची नुसती धार उरलेली असते. साधारण ४ मिलिमीटर जाडीच्या इम्प्लांटला दोन्ही बाजूंनी किमान दीड-दीड मिलिमीटर हाड लागतं. म्हणजे ७ मिलिमीटर रुंदी हवी. धारेत स्क्रू बसवता येत नाही.

तर हाड पुन्हा वाढवायचं. हाड वाढतं, त्याला अडचण नसते. हात मोडला तर जुळतोच की. अडचण वेगाची आहे. जखमेच्या पोकळीत रक्ताची गुठळी बसली की तिच्यात शिरायला दोन-तीन प्रकारच्या पेशी टपलेल्या असतात. हिरडीच्या वरच्या थराच्या पेशी दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटर सरकतात. त्यांच्या खालच्या मऊ ऊतीतल्या तंतू विणणाऱ्या पेशीही चपळ. हाड बनवणाऱ्या पेशी मात्र सावकाश येतात. आधी रक्तवाहिन्या पोचल्या पाहिजेत, मग त्या. त्या येईपर्यंत जागा मऊ ऊतीने भरलेली असते, आणि एकदा भरली की तिथे हाड होत नाही.

मेल्चर या शास्त्रज्ञाने १९७६ मध्ये ही कल्पना नीट मांडली: जखमेत कोणत्या पेशी आधी पोचतात, त्यावर तिथे काय तयार होणार ते ठरतं. १९८२ मध्ये निमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत द्रव गाळायला वापरतात तो फिल्टर एका माणसाच्या दाताभोवती, हिरडी आणि मुळाच्या मध्ये घातला आणि हिरडीच्या पेशींना रोखून धरलं. गेलेला आधार काही प्रमाणात परत आला. मग १९८८ मध्ये स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या डालीन यांच्या गटाने उंदरांवर जो प्रयोग केला तो मला अजूनही या विषयातला सगळ्यात सुबक वाटतो. खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना आरपार भोकं पाडली. एका बाजूचं भोक टेफ्लॉनच्या पडद्याने झाकलं, दुसरं तसंच सोडलं. पडद्याच्या बाजूला सहा आठवड्यांत सगळ्या उंदरांमध्ये भोक हाडाने बुजलं. उघडं भोक २२ आठवड्यांनीही जवळपास तसंच, आत मऊ ऊती. औषध नाही, ग्राफ्ट नाही. फक्त अडवणूक.

टेफ्लॉन म्हणजे टिकाऊ पडदा. आपल्या पेशंटला हवा असतो तोच. मग तो मागे का पडला? एक तर तो काढायला हिरडी पुन्हा उघडावी लागते, म्हणजे दुसरं ऑपरेशन, पुन्हा भूल, पुन्हा टाके, आणि नुकत्याच झालेल्या कोवळ्या हाडावर पुन्हा हत्यार. दुसरं जास्त वाईट: हिरडी थोडी जरी मागे सरकून पडदा उघडा पडला, की त्याच्या सच्छिद्र भागात तोंडातले जंतू घर करतात, पू होतो आणि पडदा वेळेआधीच काढावा लागतो. दाट विणीचे नवे टेफ्लॉन पडदे या बाबतीत बरेच बरे आहेत, आणि मोठ्या कामांत, टायटॅनियमची पट्टी घातलेला टेफ्लॉन अजूनही हुकमी मानतात. पण एका दाढेपुरत्या कामाला बहुतेक ठिकाणी आज कोलॅजेनच वापरतात.

कोलॅजेन हे प्रथिन शरीराला परकं नाही. आपली कातडी, स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे, हिरडी, हाडाचा चिवट भाग, सगळं त्याचंच. एका रेणूत तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या. प्रत्येक साखळीत सुमारे हजार अमिनो आम्लं, दर तिसरं ग्लायसिन, कारण पिळाच्या आतल्या अंगाला तेवढीच जागा असते. लांबी ३०० नॅनोमीटर, जाडी दीड. ही तीन साखळ्यांची रचना मद्रासमध्ये गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये मांडली. भारतीय विज्ञानातल्या फार मोठ्या कामांपैकी हे एक, आणि दंतवैद्यकाच्या वर्गात त्याचा उल्लेख क्वचितच होतो याचं मला वाईट वाटतं.

हा पीळ उष्णतेने सुटतो. पाया उकळून केलेलं सूप गार झाल्यावर थिजतं, ते पीळ सुटलेलं कोलॅजेन, म्हणजेच जिलेटिन. यामुळेच कोलॅजेनचा पडदा दवाखान्यातल्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालता येत नाही. १२१ अंशांना त्याचं सूप होईल. तो कारखान्यातच गॅमा किरणांनी किंवा इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करून येतो. गॅमा किरणही साखळ्या थोड्याफार तोडतात, म्हणजे निर्जंतुक करतानाच त्याचं आयुष्य थोडं कमी झालेलं असतं.

कच्चा माल बहुतेक डुकराची कातडी किंवा हृदयावरचं आवरण, किंवा गाय-बैलांच्या टाचेचा कंडरा. अल्क, आम्ल, एंझाइम यांनी धुऊन त्यातल्या पेशी, चरबी आणि शरीराला खटकतील असे भाग काढून टाकतात, मग गोठवून सुकवतात. माशाच्या कोलॅजेनचे पडदेही भारतात मिळतात. त्यात एक मेख आहे: थंड समुद्रातल्या माशांच्या कोलॅजेनचा पीळ माणसाच्या अंगाच्या तापमानाच्या बराच खाली सुटतो. त्यामुळे उष्ण पाण्यातले मासे निवडावे लागतात किंवा साखळ्या रासायनिक रीतीने बांधाव्या लागतात.

हे ‘कशाचं’ प्रकरण मी मुद्दाम सांगते आहे. पेशंटला ते आधी कळलं पाहिजे. जैन कुटुंब असो, मुसलमान असो की सोवळं पाळणाऱ्या आजी असोत, ज्याला जे चालत नाही ते त्याच्या जबड्यात न विचारता घालणं मला पटत नाही. “शुद्ध केलेलं असतं, काही फरक पडत नाही” हे वैद्यकीय उत्तर झालं. त्यांनी विचारलेला प्रश्न वैद्यकीय नसतोच. पाकिटावर स्रोत लिहिलेला असतो. विचारा, आणि संमतीच्या कागदावर तो लिहायला सांगा.

आता मुख्य दुखणं. स्लॅब टाकल्यावर सेंटरिंग कधी काढायचं हे मिस्त्रीला बरोबर माहीत असतं: लवकर काढलं तर स्लॅब बसतो, आणि कायम ठेवायला ते केलेलंच नसतं. कोलॅजेनच्या पडद्याचं काम असंच, फक्त इथे सेंटरिंग काढायला कोणी येत नाही. त्याने स्वतःहून, ठरल्या वेळी जायचं असतं. ते ‘ठरल्या वेळी’च जमत नाही. दाताभोवतीच्या छोट्या खड्ड्याला चार ते सहा आठवडे आडोसा पुरतो. इम्प्लांटसाठी जबड्याची रुंदी वाढवायची असेल तर चार ते सहा महिने हाडाला द्यावे लागतात. नैसर्गिक, काहीही प्रक्रिया न केलेला कोलॅजेनचा पडदा घातल्या दिवसापासून झिजायला लागतो आणि काही आठवड्यांतच त्याची अडवण्याची ताकद ओसरते.

झिजवतं कोण? आपणच. जखमेत पहिल्यांदा धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, कोलॅजेन तोडणारं एंझाइम बरोबर घेऊन येतात. पुढे मॅक्रोफेज पेशी उरलेले तुकडे गिळतात. यात हिरडीच्या आजारातले जंतू भर घालतात. त्यांच्यातल्या काहींकडे कोलॅजेन तोडायची स्वतःची हत्यारं आहेत. म्हणून तोच पडदा स्वच्छ, बंद जखमेत दीर्घकाळ राहतो आणि पायोरिया असलेल्या, विडी ओढणाऱ्या किंवा मिश्री लावणाऱ्या माणसाच्या तोंडात भराभर संपतो. पाकिटावर छापलेला कालावधी पडद्याचा असतो, तुमच्या तोंडाचा नसतो.

हा वेग कमी करायचा एक जुना उपाय आहे, इतका जुना की तो कोल्हापुरी चपलेत दिसतो. जनावराचं कातडं तसंच ठेवलं तर कुजतं. बाभळीच्या सालीच्या आणि हिरडा या फळाच्या अर्कात भिजवलं की त्याचं चामडं होतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. कातडं म्हणजे कोलॅजेनच. वनस्पतींतली टॅनिन कोलॅजेनच्या साखळ्यांना धरून ठेवतात आणि एंझाइमला आत शिरू देत नाहीत. पडद्याला टिकाऊ करणं, म्हणजे संशोधकांच्या बोलीत ‘क्रॉसलिंकिंग’, मुळात कातडं कमावण्याचंच रसायनशास्त्र आहे. ग्लुटाराल्डिहाइड हे पडद्यासाठी वापरलेलं जुनं रसायन चामड्याच्या कारखान्यांतही वापरतात. द्राक्षाच्या बियांतली आणि हिरव्या चहातली पॉलिफेनॉल वापरून पडदा बांधायचे प्रयोग आज चालू आहेत. कोल्हापूरच्या कारागिरांना त्यात नवल वाटणार नाही.

पण पायात घालायच्या चामड्याला जिवंत राहायचं नसतं. तोंडातल्या पडद्यातून रक्तवाहिन्या शिरल्या पाहिजेत, वरच्या हिरडीने त्याला आपलं म्हटलं पाहिजे. इथे क्रॉसलिंकिंग महाग पडतं. ग्लुटाराल्डिहाइडचा उरलेला अंश पेशींना विषारी. तो धुऊन काढला तरी घट्ट बांधलेल्या कोलॅजेनमध्ये रक्तवाहिन्या उशिरा शिरतात, ऊती त्याच्याशी मिसळायला वेळ लावतात आणि आजूबाजूला दाह जास्त दिसतो. प्राण्यांवरच्या अभ्यासांत हे वारंवार दिसलं आहे. रक्तपुरवठा कमी, म्हणजे वरची हिरडी फाटून पडदा उघडा पडण्याचा धोका जास्त. आणि इतकं सोसून हाड तरी जास्त मिळतं का? माणसांवरच्या अभ्यासांमध्ये बांधलेला पडदा आणि साधा पडदा यांच्यात मिळालेल्या हाडाचा ठळक, खात्रीचा फरक दिसत नाही. माझ्या त्या पेशंटला हेच उत्तर द्यायचं असतं: टिकाऊ पडदा आहे, पण तो टिकतो म्हणून काम जास्त चांगलं होतं असं दिसलेलं नाही.

त्यामुळे बांधायचं तर हलक्या हाताने कसं बांधायचं, याचा शोध चालू आहे. ईडीसी नावाचं एक रसायन साखळ्यांना थेट एकमेकींशी जोडतं आणि स्वतः मध्ये राहत नाही. उरणारा पदार्थ पाण्याने धुऊन जातो. गार्डेनियाच्या फळांपासून मिळणारं जेनिपिन ग्लुटाराल्डिहाइडपेक्षा बरंच सौम्य; त्याने पडदा निळसर होतो, हे प्रयोगशाळेत पाहायला मोठं मजेशीर असतं. अतिनील किरणं, किंवा निर्वातात तापवून पाणी काढून टाकणं, यात रसायन लागतच नाही, पण बांधणी कमकुवत राहते. एक प्रकार रायबोज या साखरेने बांधतात. मधुमेहात शरीरातल्या प्रथिनांना साखर चिकटून ती कडक होतात, तीच क्रिया इथे मुद्दाम, मोजून करवून घेतात. हे पडदे बाजारात आहेत आणि कित्येक महिने टिकतात.

मला वैयक्तिक विचाराल तर साध्या पडद्याचे दोन थर एकावर एक घालणं हा यातल्या कित्येक रासायनिक उपायांपेक्षा सरळ मार्ग वाटतो. वरचा थर आधी झिजतो, खालचा तोवर टिकून राहतो. खर्च वाढतो, हे मान्य.

वेळेपाठोपाठ दुसरी अडचण म्हणजे पडदा ओला झाला की मऊ पडतो. पाकिटातून काढतो तेव्हा तो कोरा, पांढरा, कागदाइतका हलका असतो. त्याला आकार द्यायला मी टाक्यांच्या दोऱ्याच्या निर्जंतुक पाकिटातली चकचकीत पट्टी घेते, खड्ड्यावर धरून तिचा साचा कापते, खड्ड्याच्या कडेपलीकडे दोन-तीन मिलिमीटर सगळीकडून जास्त, आणि तो साचा पडद्यावर ठेवून कात्रीने कापते. कोरडा असतानाच कापायचा. रक्त लागलं की तो ग्लोव्हला चिकटतो, दुमडतो, आणि मग सरळ करणं म्हणजे कसरत. दोन बाजूंच्या काही पडद्यांना एक बाजू गुळगुळीत, दाट विणीची असते, ती हिरडीकडे. दुसरी खरबरीत, ती हाडाकडे, म्हणजे तिच्यात हाडाच्या पेशींना पकड मिळते. उलटा घातला तर? म्हणून टेबलावर ठेवतानाच कोणती बाजू वर ते मोठ्याने बोलून ठेवायचं, म्हणजे असिस्टंटलाही कळतं.

खाली ग्राफ्टचे दाणे, बारीक रव्यापासून जाड रव्यापर्यंतच्या आकाराचे, पेशंटच्याच रक्तात भिजवून दाबून भरलेले. ते पडद्याला आतून टेकू देतात, कारण तो स्वतः उभा राहू शकत नाही. जबड्याच्या बाहेरच्या बाजूला रुंदी वाढवायची असेल तर ओठाचा आणि गालाचा दाब येतो, दाणे खाली घसरतात आणि जिथे हाड हवं तिथे पडदा सपाट होतो. म्हणून पडदा ताणून बारीक टायटॅनियम पिनांनी हाडाला ठोकतात, किंवा खाली छोटे स्क्रू उभे ठेवून त्यांच्यावर तंबू ठोकतात. शेवटी हिरडीच्या आतल्या बाजूने हाडावरच्या आवरणाला एक आडवा हलका छेद देऊन ती सैल करायची, म्हणजे ती ओढाताण न होता बंद होते. माझ्या मते ही शेवटची पायरीच सगळ्यात महत्त्वाची. ताणून घातलेला टाका चार दिवसांत सुटतो, आणि मग सगळ्यात महागडा पडदाही वाचवत नाही.

हा मऊपणा घालवायला संशोधक कोलॅजेनमध्ये काही ना काही मिसळून पाहतात. हाडाचं स्वतःचं खनिज, हायड्रॉक्सीअपॅटाइट, तंतूंच्या आत रुजवलं की पडदा ताठ होतो आणि हाडाच्या पेशींनाही ओळखीचा वाटतो. पीसीएल किंवा पीएलजीए हे विरघळणारे पॉलिमर विजेच्या दाबाखाली केसाहून कितीतरी बारीक धाग्यांत ओढून त्यांची जाळी कोलॅजेनला जोडतात. कायटोसॅन, रेशमातलं फायब्रॉइन, जैवसक्रिय काच, यादी लांब आहे. रेशमाचं काम आपल्या घराजवळही झालं आहे: पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधनातून रेशमाच्या प्रथिनापासून हाडाची पोकळी भरायचं साहित्य बनवणारी कंपनी पुण्यात उभी राहिली. ते पडद्याचं काम नाही, ग्राफ्टचं आहे, पण दोन्हीकडे प्रश्न एकच: ताठपणा आणि विरघळण्याचा वेग एकमेकांशी जुळवायचे कसे.

गेल्या काही वर्षांत या विषयाकडे बघण्याची नजरही बदलली आहे. सुरुवातीला पडदा म्हणजे निव्वळ अडथळा. पण गॉथेनबर्गमध्येच पुढे झालेल्या प्रयोगांत दिसलं की कोलॅजेनच्या पडद्यात पेशी शिरतात, तिथे राहतात आणि हाड घडवायला लावणारे संदेश सोडतात; त्यांत बीएमपी-२ हे प्रथिनही होतं. पडद्यात हे संदेश जितके जास्त, तितकं खालच्या खड्ड्यात हाड होण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे पडदा अडवतो तसा कामालाही लागतो. हे खरं धरलं तर पेशींना आत शिरूच न देणारा घट्ट, चामड्यासारखा पडदा का मागे पडतो तेही समजतं.

मॅक्रोफेज पेशींचंही तसंच. त्या फक्त सफाई करत नाहीत. परिस्थिती पाहून त्या आग भडकवणाऱ्या किंवा दुरुस्तीला मदत करणाऱ्या होतात. पडद्याचा पोत, त्याची बांधणी, त्यातले धातूंचे आयन यावर त्यांचा कल बदलतो, असं प्रयोगशाळेत दिसतं. म्हणून मॅग्नेशियम, जस्त, स्ट्रॉन्शियम थोड्या प्रमाणात पडद्यात घालून पाहतात. जंतूंसाठी चांदीचे सूक्ष्म कण घालतात, पण चांदी जास्त झाली तर आपल्याच पेशी मरतात, तिचं प्रमाण सांभाळणं नाजूक आहे.

या गर्दीत मला टेट्रासायक्लिनचा विचार फार आवडतो. साधं, जुनं, स्वस्त अँटिबायोटिक. जंतूंना आवरतं, आणि शिवाय कोलॅजेन तोडणाऱ्या एंझाइमलाही अडवतं. हा दुसरा गुण जंतूंशी संबंधित नाही, त्यामुळे तो जंतू नसतानाही उपयोगी पडतो. त्याच्या द्रावणात भिजवलेला पडदा प्राण्यांमध्ये उशिरा झिजला. घट्ट न बांधता वेळ मिळवणं म्हणजे हेच. अर्थात किती भिजवायचं याला मर्यादा आहे. द्रावण कडक झालं की गुण कमी होतो.

बीएमपी-२ थेट घालायचा मार्ग मोठा वाटतो आणि तो वापरातही आहे. अमेरिकेत २००७ मध्ये जबड्याच्या काही कामांसाठी त्याला मान्यता मिळाली, कोलॅजेनच्या स्पंजात भिजवून. अडचण अशी की स्पंज ते प्रथिन फार लवकर सोडून देतो, म्हणून डोस अफाट लागतो, आणि मग चेहरा चांगलाच सुजतो. किंमतही तशीच. पुण्यात रोजच्या कामात त्याऐवजी पेशंटचंच रक्त यंत्रात फिरवून काढलेलं पीआरएफ, म्हणजे प्लेटलेट्सनी भरलेलं फायब्रिन, वापरतात. ते फ्रान्समध्ये २००१ च्या सुमारास पुढे आलं. जखम लवकर भरते, सूज कमी येते, हे खरं. पण पीआरएफचा पापुद्रा आठवड्या-दोन आठवड्यांत संपतो. तो कोलॅजेनच्या पडद्याला जोड आहे, बदली नाही. ‘तुमच्याच रक्तापासून’ हे ऐकायला छान वाटतं म्हणून तो पडद्याऐवजी गळ्यात मारला जात असेल तर एक प्रश्न जरूर विचारा: हा किती दिवस अडवेल?

एवढं सगळं संशोधन असून दवाखान्यात मात्र पंचवीस वर्षांपूर्वीच्या जातीचेच पडदे का दिसतात? मोठं कारण उंदराच्या कवटीत आहे. नवा पडदा बहुधा तिथे तपासतात: कवटीला काही मिलिमीटरचं गोल भोक, वर पडदा, काही आठवड्यांनी स्कॅन. तिथे लाळ नाही, चावणं नाही, जिभेचा उपद्व्याप नाही, हिरडीचे जंतू नाहीत, आणि उंदराचं हाड माणसापेक्षा भराभर भरतं. तिथे ‘सुधारलेला’ ठरलेला पडदा तोंडात तसाच वागेल याची हमी नाही. शिवाय कोलॅजेनमध्ये औषध किंवा धातू घातला की परवानगीची वाट लांबते. म्हणून बातमीत ‘क्रांतिकारी’ वाचलं की मी आधी पाहते, प्रयोग कुणावर झाला.

आता ज्यांचं हे काम व्हायचं आहे त्यांच्यासाठी, कारण फोन याच प्रश्नावर येतात. ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी टाक्यांमधून पांढरट, कागदासारखं काहीतरी डोकावतं. पेशंट घाबरतो, कुणी चिमट्याने ओढायला जातो. तो बहुधा पडदाच. साधा कोलॅजेनचा असेल तर उघडा पडलेला भाग लवकर झिजतो आणि बऱ्याचदा हिरडी त्याच्यावरून आपसूक बंद होते. हाड थोडं कमी मिळेल, पण काम वाया जात नाही. रासायनिक रीतीने घट्ट बांधलेला असेल तर तो तिथे बराच काळ उघडा राहू शकतो आणि जास्त वेळा तपासावं लागतं. म्हणून आपल्याला कोणता पडदा घातला आहे ते पाकिटावरच्या स्टिकरसकट फाइलमध्ये चिकटवून घ्या. तोवर क्लोरहेक्झिडीनने हलकी चूळ, जोराने खळखळायचं नाही, त्या जागेवर काढघालीची कवळी बसवायची नाही, तंबाखू आणि मिश्री बंद, शुगर असेल तर ती ताब्यात. खिडकीच्या उजेडात तोंड उघडून एक स्पष्ट फोटो डॉक्टरांना पाठवा, आणि तिथे जीभ लावून बघू नका.